डोंगराआडची माणसं

मायोर्का
किसलेव महिना, ५१५१

प्रिय जामिला,

अंजिरांची करंडी पोचली. बोनादोनाने अर्धी लपवून ठेवली होती, रेनाने ती शोधून काढली, आणि आता आई-लेकीचं बोलणं बंद आहे. मला त्यामुळे शांतता मिळाली. अशीच पाठवत जा.

आता कामाचं. इथल्या मठातले फ्रा बेरेन्गेर परवा आपल्या यहुदी आळीत, थेट आपल्या घरी आले. काळा झगा दारात पाहून बोनादोनाच्या हातून पातेलं पडलं. पण साधूबाबा गोड बोलले. त्यांना चर्चच्या भिंतीवर टांगायला सगळ्या जगाचा नकाशा हवा आहे, पुरुषभर उंच. "खलाशांसाठी काढतोस तसा नको," म्हणाले. "अडाणी माणसालासुद्धा पाहून देवाची करणी कळावी, असा काढ."

नमुना म्हणून त्यांनी एका जुन्या पोथीतलं पान दाखवलं. जग म्हणजे एक थाळी. मध्यभागी जेरुसलेम. वर पूर्व, म्हणून वरच्या अर्ध्यात आशिया, खाली डावीकडे युरोप, उजवीकडे आफ्रिका. नोहाच्या तिघा मुलांना तीन वाटे. भावाभावांची वाटणी इतकी सरळ झालेली मी तरी कुठे पाहिली नाही. मी म्हटलं, "महाराज, या थाळीवर विसंबून जहाज हाकलं तर ते डोंगरावर चढेल." हसले बिचारे. शेवटी ठरलं असं: वर्तुळ त्यांचं, किनारे माझे.

युरोप मला पाठ आहे. आशियासाठी जुने नकाशे आहेत. अडतंय ते आफ्रिकेशी. तुझ्या यजमानांकडे, मैमूनरावांकडे, वाळवंटापलीकडून माणसं येतात, त्यांना विचार. सोन्याचा राजा कुठे राहतो, मोठी नदी कुठून कुठे वाहते, सगळं कळव. ईशान्येची कड, म्हणजे आशियाची वरची डावी बाजू, साधूबाबांनी मोकळी ठेवायला सांगितली आहे. तिथलं चित्र ते स्वतः आणून देणार आहेत.

उन्हाळ्यात रेनाच्या लग्नाला आम्ही तिघं तुझ्याकडे येऊ. बेट सोडायच्या परवान्यासाठी अर्ज दिला आहे.

तुझा दादा,
विदाल

---

तिलिमसान
शेवात महिना, ५१५१

दादा,

नवरामुलगा याईश रोज येऊन विचारतो, "काकू, मायोर्काहून काही?" काल मी म्हटलं, "हो, आलंय. तुझा सासरा विचारतोय, आफ्रिकेत नदी कुठे आहे." बिचारा पडलेलं तोंड घेऊन गेला. तुझ्या पत्रात मुलीबद्दल दोन ओळी घालत जा रे. जावई मिळवायचाय, भूगोल नंतर.

असो, तुझी आफ्रिका घे. आमच्या घरी सध्या दोन मिठाचे व्यापारी उतरलेत. त्यांना मी तुझे जुने नकाशे सांगितले, की दक्षिणेच्या टोकाला बिनडोक्याची माणसं काढतात, तोंड छातीवर, डोळे खांद्यावर. म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. "बाई," म्हणाला, "त्यांना डोकी नसती तर भावात दरवेळी त्यांनी आम्हालाच गंडवलं असतं का?" तेव्हा बिनडोके तेवढे वगळ.

सोन्याचा राजा आहे. पण तू काढतोस तसा हातात गोळा धरून एकटा बसलेला नसतो म्हणे. त्याच्याभोवती वकील, शाहीर आणि तक्रारदार यांची झुंबड असते. नदी पश्चिमेकडून निघते आणि पूर्वेकडे जाते. पुढे ती कुठे जाते यावर दोघं माझ्या अंगणात भांडले. विहिरींची नावं सोबत लिहिली आहेत.

एक विचारते. साधूने जगातली एवढी एकच कड स्वतःकडे का ठेवली? तिथे असं काय आहे, जे माझ्या भावाला काढता येत नाही?

वहिनीला सांग, अंजिरं पुन्हा पाठवते. दोन करंड्या, वेगवेगळ्या बांधून.

जामिला

---

मायोर्का
आदार महिना, ५१५१

प्रिय जामिला,

आफ्रिका छान जमली. तांबडा समुद्र तांबड्या रंगाने भरला आणि मिसर सोडताना आपले पूर्वज जिथून पार झाले तिथे मध्येच कोरडी वाट सोडली. साधूबाबांनी त्या वाटेवरून बोट फिरवलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. चित्र आलं. डोंगरांची भिंत, तिला लोखंडी दार, आत कोंडलेले लोक. गोग आणि मागोग. सिकंदराने त्यांना कोंडलं, जगाच्या अंती दार फुटेल आणि ते माणसं खात सुटतील, ही गोष्ट तुमच्याकडच्या मुसलमानांतही सांगतात. असे नकाशे करणारे बहुतेक सगळेच हे काढतात. तळहाताएवढी जागा आहे. मनाला लावून घेण्यासारखं काही नाही.

परवान्याचं थोडं लांबलं. कचेरीतला कारकून म्हणाला, "चर्चचं काम अंगावर असताना बेट कसं सोडता? नकाशा पुरा करा, त्याच दिवशी शिक्का मारतो." तेव्हा घाई करतो.

विदाल

वन्सं, तुमचे दादा प्रार्थनेला गेलेत. पत्र बंद करायचं राहिलंय म्हणून चार ओळी घालते. त्यांनी तुम्हाला अर्धंच सांगितलंय. चित्रातल्या त्या माणसांच्या छातीवर तांबडी-पिवळी चकती आहे. हो, तीच. आळीबाहेर पडताना आपल्याला लावावी लागते ती. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, रंगाचा डाग असेल. जन्म रंगात गेला, आणि डाग आणि चकती यातला फरक कळत नाही होय?

माझं विचाराल तर साधू म्हणतो तसं रंगवून द्यावं आणि शिक्का घेऊन निघावं. चित्रातल्या माणसांपायी जिवंत माणसांनी अडकू नये. पण मी बोलले की हे कान खाजवतात. तुमचं ऐकतात. तुम्ही सांगा.

बोनादोना

---

तिलिमसान
निसान महिना, वल्हांडण सणानंतर

दादा,

वहिनीवर रागावू नकोस. तिने लिहिलं म्हणून मला कळलं.

वहिनी, तू म्हणतेस तसं मी सांगणार नाही. माफ कर. दादा, काढू नकोस.

तुला वाटतं ती जगाची कड आहे, तिथे कोण बघतंय. अरे, चर्चमध्ये येणाऱ्या शेतकऱ्याला युरोप कुठे नि आफ्रिका कुठे हे कळणार आहे का? तुझे किनारे किती नेमके, हे त्याला काय कळणार? त्याला चित्रं कळतात. तो पाहील की जगाच्या अंताला माणसं खायला येणारे लोक कसे दिसतात. मग घरी जाताना त्याला रस्त्यात तू दिसशील. नाहीतर रेना दिसेल.

आणि त्याला कोणी विचारलं, हे खरं कशावरून, तर म्हणेल, त्यांच्यातल्याच माणसाने काढलंय. साधूने ख्रिस्ती चितारी सोडून तुला का निवडलं, याचा विचार केलास? मी इथे भांडी घासताना केला.

लग्न थांबेल. याईश थांबेल, मी त्याला धरून बसवते. शिक्का नाही मिळाला तर नाही. पण तुझ्या हातून ते नको.

जामिला

---

मायोर्का
सिवान महिना, ५१५१

प्रिय जामिला,

तुझं ऐकलं. खरं सांगायचं तर तुझं पत्र यायच्या आधीच हात थबकला होता. चार वेळा कुंचला उचलला, चार वेळा धुऊन ठेवला.

सरळ 'नाही' म्हणायची सोय नाही. म्हणून मी नकाशा संपूच देत नाही. पश्चिमेच्या समुद्रात बेटं वाढवली आहेत. भारताच्या किनाऱ्यावर मोती काढणारे पाणबुडे बसवले. युरोपातल्या नद्या पुन्हा निळ्या केल्या. साधूबाबा येतात, ती मोकळी कड पाहतात आणि म्हणतात, "विदाल, देवाने जग सहा दिवसांत केलं." मी म्हणतो, "महाराज, त्याला नकाशाच्या चामड्याशी आणि त्यावरच्या चुन्याशी झगडावं लागलं नाही." पूर्वी हसायचे. आता हसत नाहीत.

तेव्हा मला आफ्रिका पाठव. जेवढी पाठवता येईल तेवढी. गावं, टोळ्या, उंट, काटेरी झाडं. खरं-खोटं पाहू नकोस.

बोनादोना माझ्याशी धड बोलत नाही. तिचं म्हणणं, एव्हाना आपण तुझ्या अंगणात बसलो असतो. कोपऱ्यावरची पाववाली कातेरीना हल्ली पाव हातात देत नाही, फळीवर ठेवते. ईस्टरच्या आठवड्यात पोरं आळीच्या दारावर दगड मारतात, ते दरवर्षीचंच. यंदा तो आठवडा संपला तरी ती थांबली नाहीत.

रेना बरी आहे. दोन ओळी मागितल्या होत्यास: ती उंच झाली आहे, आणि मी समुद्रात जास्तीची बेटं काढतो ते तिने ओळखलं आहे. परवा म्हणाली, "बाबा, यातल्या एखाद्या बेटावर आपण राहायला जाऊ या का?"

विदाल

---

तिलिमसान
तम्मूझ महिना, ५१५१

दादा,

आफ्रिका पाठवत नाही. आज हे एकच ऐक.

आमच्याजवळच्या हुनैनच्या बंदरात सेविलहून पळालेली माणसं उतरली आहेत. दोन कुटुंबं आमच्या घरी आहेत. तिथली आपली आळी राहिली नाही. कितीतरी महिने एक ख्रिस्ती धर्मोपदेशक दर रविवारी आपल्याविरुद्ध बोलत होता. लोक म्हणायचे, बोलू दे, बोलण्याने काय होतं. मग एका सकाळी गर्दी आत शिरली. जी बाई माझ्या चुलीपाशी बसली आहे तिला चार मुलं होती. ती जेवायला वाढलं की पानं मांडते, चार.

आणखी गावांतही सुरू झालंय म्हणतात. समुद्र ओलांडायला त्याला किती वेळ लागणार?

मी चुकले. वहिनीचं बरोबर होतं. काढ. जे मागतोय ते काढ, चकतीसकट काढ, हवं तर त्यांना शिंगं काढ, आणि शिक्का घेऊन पहिल्या जहाजाने निघा. लोक काय म्हणतील, मागे काय राहील, ते इथे आल्यावर बोलू. वहिनीला हे पत्र वाचून दाखव. तिची माफी मी समोर मागेन.

जामिला

---

मायोर्का
आव महिना, ५१५१

वन्सं,

निसाननंतर तुमचं एकही पत्र नाही. जहाजंच येत नाहीत, आली तर बंदरात उतरू देत नाहीत. हे पत्र तुम्हाला रेना आणून देईल.

नकाशा आमच्याकडे नाही. साधूने चार गडी आणले आणि लाकडी फळ्यांसकट उचलून नेला. तुमचे दादा म्हणाले, "महाराज, अपुरा आहे." तो म्हणाला, "तू फार दमलास, विदाल. उरलेलं दुसरा कोणी करील." दुसऱ्या कोणी केलं. ती कड रंगवली आणि नकाशा चर्चमध्ये टांगला.

काल कातेरीना मागच्या दाराने आली. पदराखाली पाव होता. म्हणाली, "बोनादोना, मी आले होते हे कुणाला सांगू नको. रविवारी साधू काठी घेऊन उभा राहिला. आधी गोड गोड सांगितलं, हा युरोप, ही आफ्रिका, ही स्वर्गाची बाग. मग काठी त्या डोंगरावर ठेवली आणि म्हणाला, 'तुम्हाला वाटतं हे लोक अजून आत आहेत? दार केव्हाच फुटलंय. ते तुमच्या गावात राहतात.' बाई गं! खेड्यातली माणसं आली होती, विळे-कोयते घेऊन. कापणी तर कधीच संपली. मुलीला कुठेतरी पाठव."

हे ऐकून तुमचे दादा चर्चकडे गेले. दारातच अडवलं. परत आले ते भिंतीला टेकून बसले. म्हणाले, "किनारे माझे आहेत. ती कड माझ्या हातची नाही, हे कोणाला कळणार?" इतके महिने मी काढा, काढा म्हणत होते. आता वाटतं, न काढता जे झालं तेच काढून झालं असतं, फक्त यांना आरशात पाहता आलं नसतं. पण रेनाकडे पाहिलं की पुन्हा वाटतं, काढलं असतं तर!

रईस सालेम नावाचा हुनैनचा नाखवा एकटीला न्यायला तयार झाला, स्वतःची मुलगी म्हणून. पांढरी चादर डोक्यावरून पायापर्यंत पांघरून ती पहाटे जाईल. ती रडत नाही, भांडते आहे. म्हणते तुम्हीही चला. नाखवा म्हणतो एकच. तिच्यापाशी आमच्या घरातली काहीही वस्तू देऊ शकत नाही, झडतीत सापडेल. हे पत्र चादरीच्या काठात शिवते.

तिला रात्री पाय गार पडतात. झोपताना एक जास्तीचं पांघरूण द्या. याईशला सांगा, तिला खोटं बोललेलं चालत नाही.

बोनादोना

---

तिलिमसान
एलूल महिना, ५१५१

दादा, वहिनी,

रेना पोचली. धड आहे. जेवते.

त्याच जहाजाने माझं तम्मूझचं पत्रही परत आलं. नाखव्याला ते बंदरात कोणाकडे देता आलं नव्हतं. म्हणजे माझं 'काढू नकोस' तेवढं तुम्हाला मिळालं, आणि 'काढ' माझ्याच हातात परत आलं.

बाजारात मायोर्कातल्या हल्ल्याबद्दल वाटेल ते बोलतात. कोणी म्हणतं आळीतल्यांना किल्ल्यात घेतलं, कोणी म्हणतं किल्ल्यापर्यंत कोणी पोचलंच नाही. एक ओळ पाठवा. कोणाच्याही हातची चालेल.

जामिला

---

मायोर्का
सर्व संतांच्या सणानंतर, सन तेराशे एक्क्याण्णव

जामिला,

वरची ख्रिस्ती तारीख पाहून तुला कळलंच असेल. हे पत्र एका जेनोव्याच्या व्यापाऱ्याकडे देतो आहे. तो उघडणार नाही अशी आशा आहे.

एलूलच्या पहिल्या दिवशी ते आले. आळीचं दार फार वेळ टिकलं नाही. मी आणि बोनादोना किल्ल्याकडे निघालो, माझा हात तिच्या हातात होता. गर्दीत कोणीतरी ओरडत होतं, "दार फुटलं! दार फुटलं!" तो माणूस घाबरलेला होता, जामिला. त्याच्या हातात कुऱ्हाड होती आणि तोच आम्हाला भ्यायला होता. दगड कोणी मारला ते मी पाहिलं नाही. ती पडली, मी तिला उचललं. किल्ल्याच्या आत मी पोचलो तेव्हा ती जिवंत नव्हती. शेवटचं ती एवढंच म्हणाली होती, "हळू चला." मेलेल्यांना कुठे पुरलं, हे आम्हाला सांगितलेलं नाही.

आम्ही उरलेले किल्ल्यात राहिलो. पाण्यासाठी भांडणं झाली, मुलं गेली. मग परवा-परवा सगळ्यांना रांगेत चर्चमध्ये नेलं. फ्रा बेरेन्गेर माझे धर्मपिता झाले. त्यांनी माझा हात धरून बाप्तिस्म्याच्या पाण्यापाशी नेलं. हात मऊ होता. म्हणाले, "आता तुला कसलीच भीती नाही." आणि खरोखरच मला कोणी काही करत नाही. कातेरीना पाव हातात देते. माझं नाव जाउमे बेरेन्गेर आहे.

नकाशा तिथेच आहे. नव्या ख्रिस्ती माणसाला दर रविवारी हजर राहावं लागतं, तेव्हा मी त्याच्यासमोर बसतो. तुझ्या विहिरी सगळ्या जागच्या जागी आहेत. दुसऱ्या गावच्या चर्चला तसाच एक हवा आहे, आणि तो मी करतो आहे. ती कड यावेळी कोण रंगवतो, हे विचारू नकोस.

बेट सोडायला मला कधीच परवानगी मिळणार नाही. आम्ही परत जुन्या धर्मात जाऊ म्हणून बंदरावर पहारा आहे. पकडला गेला तर काय करतात, तेही दाखवून झालं आहे.

आता एकच मागतो. रेनाला सांग, तिचे वडील तिच्या आईबरोबरच गेले, किल्ल्याच्या वाटेवर. तिचं लग्न लावून दे. जिवंत बाप असा असण्यापेक्षा तो मेलेला बरा. आणि मला लिहू नकोस. लिहिलंस तर उत्तर देणार नाही.

जो विदाल होता तो

---

तिलिमसान
किसलेव महिना, ५१५२

बाबा,

आत्याने तुमचं पत्र सकाळी वाचलं. संध्याकाळी ते माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "तुझ्या बापाने मला खोटं बोलायला सांगितलंय. मी त्याला एकदा सल्ला दिला, तो पुरे झाला. आता तू वाच आणि तू ठरव."

मी वाचलं. आईचं वाचून जे झालं ते मी लिहिणार नाही.

लग्न मी लांबवलं आहे. याईश कबूल झाला. तो बंदरावर जाऊन चौकशी करतो, कोणती जहाजं कधी सुटतात, पहारा कोण करतं, कोण काय घेऊन गप्प बसतं. हे पत्र पाववालीच्या हातून तुम्हाला मिळेल. ती घाबरेल, पण देईल. एकदा पाव आणि इशारा दिलाच आहे तिने.

तुम्ही लिहिता, जिवंत बाप असा असण्यापेक्षा मेलेला बरा. मला नाही बरा. मला तुमच्या डोक्यावर कुणी पाणी ओतलं, तुमचं नाव काय ठेवलं, याच्याशी काही देणंघेणं नाही. ती कड रंगवायला लागत असेल तर रंगवा. हात धुवा आणि जेवा. तुम्ही जेवायचं विसरता.

आत्या म्हणते, असं लिहू नकोस, तो घाबरेल. मी म्हटलं, घाबरू देत.

हे पत्र नेणारं शेवटचं जहाज, मग थंडीत समुद्र बंद. वसंतात जहाजं सुरू होतील. रईस सालेम पहिल्या फेरीला मायोर्काच्या बंदराबाहेर थांबेल, मच्छीमारांच्या खडकापाशी. तुम्ही या. जाउमे म्हणून या, विदाल म्हणून या, बिननावाचे या.

तुम्ही नाही आलात, तर पुढच्या फेरीला मी येईन. बंदरातून येईन, माझी चकती लावून, आणि पहाऱ्यावरच्या पहिल्या माणसाला तुमचं घर विचारेन.

तुमची,
रेना